राजाबाई टॉवर आणि दानाचा हिशेब

मुंबईस जाऊन आलेल्या मनुष्यानें राजाबाई टॉवर पाहिला नाहीं, असें सहसा होत नाहीं. ओव्हल मैदानाच्या कडेस, विद्यापीठाच्या ग्रंथालयावर उभारलेला हा सुमारें २८० फूट उंचीचा घंटामनोरा. सन २०१८ मध्यें त्या भागांतील जुन्या इमारतींचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला, त्यांत हाही आहे. प्रेमचंद रायचंद नांवाच्या शेठजींनीं आपल्या मातोश्रींच्या नांवानें तो बांधविला, हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्या मातोश्री दृष्टीनें अधू होत्या आणि जैनधर्माप्रमाणें सूर्यास्तापूर्वीं भोजन उरकण्यासाठीं त्यांस वेळ कळावी म्हणून तेथें घंटा बसविल्या, अशी आख्यायिकाही सांगतात. परंतु ज्या वर्षीं हें दान झालें, त्याच्या पुढच्याच वर्षीं हेच शेठजी अर्ध्या मुंबईच्या शिव्याशापांचे धनी झाले होते, ही गोष्ट सांगणारे थोडे. मातृभक्तीची कथा गोड आहे. तिच्या शेजारीं ही दुसरी कथाही ठेवून पाहावी, असें आम्हांस वाटतें. कारण तींतून निघणारा प्रश्न आजही प्रत्येक शाळेच्या, देवस्थानाच्या आणि घराच्या दारीं उभा आहे.

सन १८६१ मध्यें अमेरिकेंत उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडून येणारा कापूस तुटला, आणि त्या गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले. गुजराथ, खानदेश, वऱ्हाड येथील कापूस मुंबई बंदरांतून जाऊं लागला आणि भाव कित्येक पटींनीं चढले. नेहमींच्या भावानें जें मिळालें असतें त्याहून आठ कोटि पौंडांच्या घरांत अधिक द्रव्य त्या चार-पांच वर्षांत मुंबईच्या पदरीं पडलें, असा त्या काळचा अंदाज होता. एवढें द्रव्य एकाएकीं हातीं आलें कीं, तें स्वस्थ बसूं देत नाहीं. नव्या पेढ्या निघाल्या, नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. आणि प्रत्येक योजनेचें काम सुरू होण्यापूर्वींच तिच्या शेअरांचा बाजार सुरू होई. बॅकबे कंपनीचा पांच हजार रुपयांचा शेअर एका वेळीं पन्नास हजारांच्या घरांत गेला होता. या कंपनीचे ४०० शेअर मुंबई सरकारनें घ्यावयाचे होते. वरिष्ठ सरकारनें परवानगी नाकारल्यामुळें ते लिलावांत काढले, तेव्हां दर शेअरास सरासरी २६,५०० रुपये याप्रमाणें १ कोटि ६ लक्ष रुपये नुसता नफा चढला. त्या वेळीं समुद्राचें पाणी होतें तेथेंच होतें!

या सर्व उलाढालीच्या मध्यभागीं प्रेमचंद रायचंद हे होते. सुरतेकडील एका जैन कुटुंबांतला हा मुलगा मुंबईस येऊन इंग्रजी शिकला, दलालीच्या धंद्यांत शिरला, आणि तिशी ओलांडते वेळीं त्याच्या शब्दावर बाजार वरखालीं होऊं लागला. त्या काळीं तरुण असलेले सर दिनशा वाच्छा यांनीं पुढें, सन १९१० मध्यें, या शेअरवेडाचा इतिहास लिहिला आणि सन १९१३ मध्यें प्रेमचंदांचें स्वतंत्र चरित्रही लिहिलें. नव्या कंपनीचे शेअर कोणाच्या वांट्यास द्यावयाचे, हें ठरविण्याची सत्ता ज्याच्या हातीं, त्याच्या दारीं रांग लागावयाचीच. त्या रांगेंत केवळ दलाल व सट्टेबाज नव्हते. पिढीजात व्यापारी घराणीं होतीं, पारशी, भाटे, वाणी होते, साहेबलोक होते, विद्वान् होते. ज्यांच्या नांवावर आज राणीच्या बागेंतील संग्रहालय आहे ते डॉक्टर भाऊ दाजी, म्हणजे संस्कृताचे जाणते आणि गोरगरिबांचे वैद्य, यांसही या बाजारांत जबर ठोकर बसली. मोठ्या घराण्याचें नांव कंपनीच्या चालकमंडळावर दिसलें कीं, लहान घरचा मनुष्य आपली पुंजी निर्धास्त तेथें नेऊन टाकी. शेठजी मोठ्यांस शेअर देत आणि मोठे शेठजींस आपलें नांव देत. या देवघेवींत नांवाची किंमत कोणींच वहींत लिहिली नाहीं. ती पुढें भलत्यांनींच भरली.

आतां दानाकडे येऊं. मुंबईचें विद्यापीठ सन १८५७ मध्यें स्थापन झालें, परंतु त्यास स्वतःची इमारत नव्हती. सन १८६४ मध्यें, म्हणजे तेजी शिखरावर असतां, प्रेमचंदांनीं ग्रंथालयासाठीं दोन लक्ष रुपये देऊं केले, आणि थोड्याच दिवसांनीं घंटामनोऱ्यासाठीं आणखी दोन लक्ष. मनोऱ्यास मातोश्री राजाबाई यांचें नांव द्यावें, एवढीच त्यांची इच्छा होती. कलकत्ता विद्यापीठासही त्यांनीं दोन लक्ष रुपये दिले आणि सन १८६६ मध्यें तेथें त्यांच्या नांवाची शिष्यवृत्ति सुरू झाली. या शिष्यवृत्तीचें नांव आमच्या कांहीं वाचकांस ठाऊक नसेल, परंतु ती मिळविणाऱ्यांपैकीं एकाचें नांव महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. औरंगजेबाचा व शिवछत्रपतींचा इतिहास लिहिणारे सर जदुनाथ सरकार हे प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचे मानकरी होते.

दान १८६४ चें, आणि घसरण १८६५ ची. त्या वर्षीं वसंत ऋतूंत अमेरिकेंतील युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापसाचा भाव कोसळला. मुदतीच्या सौद्यांचा हिशेब पुरा करण्याचा दिवस १ जुलै १८६५ हा होता. त्या दिवशीं देणेकऱ्यांपाशीं शेअरांचे कागद होते, पैसे नव्हते. एकामागून एक पेढ्या बसल्या. सर्वांत मोठा घाव बसला तो बँक ऑफ बाँबे या पेढीवर. ही पेढी सन १८४० मध्यें स्थापन झालेली. तिच्यांत सरकारचें भांडवल होतें आणि सरकारनें नेमलेले संचालकही होते. सन १८६३ मध्यें तिच्यावरील जुनीं बंधनें सैल झालीं, आणि शेअरांच्या तारणावर, कित्येकदां तर केवळ माणसाच्या वजनावर, कर्जें दिलीं गेलीं. कर्ज कोणास द्यावयाचें यांत प्रेमचंदांचा शब्द चाले. अखेर सन १८६८ मध्यें ती पेढी बंद करावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ बसलें, आणि त्यानें चिटणीसांचा बेफिकीर कारभार, संचालकांची ढिलाई व प्रेमचंदांचें वर्चस्व यांवर स्पष्ट ठपका ठेवला. सरकारचा हात आहे म्हणून ज्यांनीं विश्वासानें त्या पेढीचे भाग घेतले होते, त्यांचें भांडवल जवळजवळ सर्व बुडालें.

आणि याच काळांत, सन १८६९ मध्यें, मनोऱ्याचा पाया घातला गेला. इकडे चौकशीचा अहवाल, तिकडे कोनशिला! इमारत सन १८७८ मध्यें पुरी झाली; खर्च सुमारें साडेपांच लक्ष रुपये आला. तेव्हां प्रश्न असा कीं, विद्यापीठानें हें द्रव्य परत करावयास हवें होतें काय?

“शास्त्राचें मत काय?” असें कोणी विचारील, म्हणून सांगतों. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं दानाची व्याख्या मोठ्या काटेकोरपणें केली आहे. एखाद्या वस्तूवरील आपलें स्वत्व सोडून तेथें दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न करणें, याचें नांव दान. यावरून उघडच होतें कीं, जेथें आपलें स्वत्वच नाहीं तेथें सोडावयाचें काय? नारदस्मृतींत ‘दत्ताप्रदानिक’ या नांवाचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यांत काय देतां येत नाहीं याची यादी आहे: विश्वासानें ठेवलेली ठेव, गहाण ठेवलेली वस्तु, मागून आणलेली वस्तु, आणि अनेकांच्या सामाईक मालकीची वस्तु. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस शेवटच्या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. चुलत्यानें सामाईक शेताच्या उत्पन्नांतून देवळास कळस चढविला, तर देऊळ शोभेल, पण घरांत त्या कळसाचा विषय निघाला कीं जावा-जावांचीं तोंडें वेगळ्या दिशांस वळतील.

म्हणजे शास्त्राचा पहिला प्रश्न दाता पुण्यवान् आहे काय, हा नाहीं; द्रव्य त्याचें आहे काय, हा आहे. ही कसोटी आम्हांस फार उपयोगाची वाटते. पुण्यवान् कोण हें ठरविण्यास चित्रगुप्ताची वही लागते; द्रव्य कोणाचें हें ठरविण्यास साधी रोजकीर्द पुरते. या कसोटीनें पाहतां प्रेमचंदांचें दान टिकतें, असें आमचें मत आहे. सन १८६४ मध्यें त्यांनीं जें दिलें तें देण्यास ते समर्थ होते. कोणत्याही धनकोस चुकविण्यासाठीं तें दिलेलें नव्हतें, आणि घेणाऱ्यांस पुढील वर्ष दिसत नव्हतें. जेथें त्यांचें स्वत्व नव्हतें, तें द्रव्य पेढीच्या तिजोरींत होतें. त्या तिजोरीची किल्ली त्यांच्या शब्दानें फिरूं देणाऱ्यांचा अपराध मोठा आहे, आणि तो मनोऱ्याच्या उंचीखालीं झांकला जाऊं नये. प्रेमचंद पुढें चाळीस वर्षें जगले. सन १८७५ मध्यें मुंबईच्या शेअरदलालांचें मंडळ स्थापन झालें, त्याच्या संस्थापकांत ते होते. सन १९०६ मध्यें ते वारले. मनुष्य एका ठपक्यानें संपत नाहीं, आणि ठपकाही एका दानानें संपत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, “इतकी बारकाई कशाला? दान घ्यावें, उपयोग करावा.” तर त्यास आमचा उलट प्रश्न आहे. मुंबईचें जे. जे. रुग्णालय ज्यांच्या उदारपणानें सन १८४५ मध्यें उभें राहिलें, त्या सर जमशेटजी जिजीभाईंच्या संपत्तीचा मोठा वांटा चीनशीं केलेल्या व्यापारांतला होता, आणि त्या व्यापारांत अफू होती. पुण्याचें ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीनें झालें त्या ससून घराण्याचेंही तसेंच. या दोन्ही रुग्णालयांत पिढ्यान् पिढ्या गोरगरीब बरे होऊन घरीं गेले आहेत, आणि त्या दात्यांस आम्ही आदरानेंच स्मरतों. मग प्रेमचंदांच्याच नांवापुढें त्यांचे समकालीन अडखळले कां? आम्हांस याचें एकच उत्तर सुचतें. शेअरबाजारांत बुडालेला मनुष्य आपल्या आळींतला होता. अफूनें बुडालेला मनुष्य कँटनच्या पलीकडे होता. त्याचें रडणें आपल्या माडीवर ऐकूं येत नव्हतें. यावरून रुग्णालयांचीं नांवें पुसावीं असें आम्ही म्हणत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, दानाचा हिशेब करतांना ज्याचें नुकसान झालें तो जवळ आहे कीं दूर, यावर आपला न्याय अवलंबून असूं नये.

हा प्रश्न जुन्या मुंबईपुरताच आहे असेंही नाहीं. अमेरिकेंतील जेफ्री एपस्टीन नांवाच्या धनव्यवस्थापकाची हकीकत वाचकांनीं वर्तमानपत्रांत वाचली असेल. एका कोट्यधीश व्यापाऱ्यानें सन १९९१ मध्यें त्यास आपल्या संपत्तीचें कुलमुखत्यारपत्र दिलें, आणि त्या एका नांवाच्या आधारावर दुसरीं मोठीं दारें त्यास उघडत गेलीं. सन २००८ मध्यें अल्पवयीन मुलीच्या संबंधांतील गुन्ह्याची त्यानें कबुली दिली व त्यास शिक्षा झाली. असें असूनही मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्यापीठानें त्याच्याकडून देणग्या घेतल्या. सन २०२० मध्यें त्या संस्थेनेंच प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें सन २००२ ते २०१७ या काळांत एकूण दहा देणग्या, मिळून साडेआठ लक्ष डॉलर, आल्या. त्यांपैकीं नऊ शिक्षेनंतरच्या. कांहीं अधिकाऱ्यांस हें ठाऊक होतें, आणि गाजावाजा न करतां घ्यावें असें ठरलें होतें. हार्वर्ड विद्यापीठानें शिक्षेनंतर त्याचा पैसा घेतला नाहीं. परंतु तेथील अहवाल सांगतो कीं, त्यानंतरही हा मनुष्य तेथील एका विभागांत चाळीसाहून अधिक वेळां येऊन बसून गेला. पैसा नाकारला, खुर्ची मात्र दिली. सन २०१९ मध्यें दुसऱ्यांदां अटक झाल्यावर तो तुरुंगांत मेला. पण ज्या मुलींचें आयुष्य त्यानें नासलें, त्यांस त्या खुर्चीचा अर्थ फार आधींच कळला असेल.

प्रेमचंद आणि हा मनुष्य यांची तुलना करणें हा प्रेमचंदांवर अन्याय होईल. एकाचा दोष व्यवहारांतला, दुसऱ्याचा राक्षसी. येथें तुलना घेणाऱ्यांची आहे. मुंबई विद्यापीठानें घेतलें तेव्हां त्यास ठाऊक नव्हतें, आणि जें घेतलें तें उघडपणें, दात्याच्या मातोश्रींचें नांव दगडांत कोरून घेतलें. तिकडे ठाऊक असून घेतलें, आणि लपवून घेतलें. जें दान घेतल्याचें दहा माणसांत सांगतां येत नाहीं, तें घेऊं नये. यापरती सोपी कसोटी आम्हांस ठाऊक नाहीं.

आम्हीं जन्मभर शाळेंत शिकविलें, त्यामुळें देणगीसाठीं दारोदार जाण्याचा अनुभव पुष्कळ आहे, आणि इमारतीवांचून व्हरांड्यांत वर्ग भरविण्याचाही आहे. म्हणून देणगी घेणाऱ्यांची अडचण आम्हांस हसण्यावारी नेतां येत नाहीं. एका गांवच्या शाळेची गोष्ट आमच्या पाहण्यांतली आहे. तेथील पतसंस्थेच्या अध्यक्षांनीं शाळेस एक सभागृह बांधून दिलें. संगमरवरी पाटी लागली, दर संमेलनास अध्यक्षांस पहिल्या खुर्चीचा मान मिळूं लागला. मास्तरांनीं व शिपायांनीं ती पाटी पाहूनच आपला निवृत्तीचा पैसा त्या पतसंस्थेंत ठेवला. कांहीं वर्षांनीं पतसंस्थेचें दार बंद झालें. एका शिपायाची विधवा ठेवीची पावती घेऊन शाळेंत आली आणि म्हणाली, “मास्तर, तुमच्या शाळेवर त्यांचं नाव होतं म्हणून ह्यांनी तिथं पैसे ठेवले. आता मी कुणाकडं जाऊ?” त्या बाईस कोणापाशींही उत्तर नव्हतें. पुढच्या संमेलनांत अध्यक्ष महाशय पूर्ववत् पहिल्या खुर्चीवर बसले, आणि आभाराच्या भाषणांत त्यांचा ‘दानशूर’ म्हणून उल्लेख झाला.

शाळेनें तें सभागृह पाडावयास हवें होतें असें कोणी म्हणणार नाहीं. मुलें तेथें बसतात, परीक्षा देतात. भिंतींचा काय दोष? परंतु खुर्चीचें काय? सभागृह घेतलें होतें; त्याबरोबर आपलें तोंड बंद करण्याचा करार कोणीं केला होता? दानाबद्दल कृतज्ञता असावी, ती आमच्या रक्तांतच आहे. पण कृतज्ञता ही दात्याच्या दानाबद्दल असते, त्याच्या हिशेबाबद्दल नसते. ज्या दिवशीं त्या बाईची पावती पुढें आली, त्या दिवशीं शाळेच्या चालकांनीं अध्यक्षांकडे जाऊन, “आधीं ठेवी परत करा, मग संमेलनास या,” एवढें सांगितलें असतें, तरी पैसा कदाचित् मिळाला नसता. पण शाळेचें नांव त्या बाईच्या बाजूस उभें राहिलें असतें. शाळेपाशीं देण्यासारखें नांवाखेरीज दुसरें असतें तरी काय?

हीच गोष्ट सुखवस्तु कुटुंबांस लागू आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आतां पेन्शन आहे, परदेशीं गेलेल्या मुलांचा पैसा आहे, चार लोकांत शब्दाला मान आहे. एखादा भपकेदार गृहस्थ घरीं येतो, वेदपाठशाळेस मोठी देणगी देतो, श्रावणांत सप्ताहाचा खर्च उचलतो, आणि जातां जातां म्हणतो कीं, आमच्या योजनेच्या पत्रकावर आपलें नुसतें नांव असूं द्या. त्या वेळीं घरांतील वडील माणसांनीं तीन गोष्टी विचाराव्या. हें द्रव्य याचें स्वतःचें आहे, कीं दुसऱ्यांनीं विश्वासानें याजपाशीं ठेवलेलें आहे? हें घेतल्याचें आपण उघड सांगूं शकूं काय? आणि उद्यां याच्या हातून कोणी बुडाला, तर त्या बुडालेल्याच्या बाजूनें बोलण्यास आपली जीभ मोकळी राहील काय? तिहींचें उत्तर समाधानकारक असेल तर देणगी अवश्य घ्यावी, पाटीही लावावी. तरीही पत्रकावरचें नांव द्यावयाचें किंवा नाहीं, हा विचार वेगळा करावा. कारण देणगीचा उपयोग पाठशाळेस होतो, आणि नांवाचा उपयोग त्या गृहस्थास होतो.

राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयांत आजवर हजारों विद्यार्थ्यांनीं ग्रंथ उघडले, आणि प्रेमचंदांच्या शिष्यवृत्तीनें देशास जदुनाथांसारखा इतिहासकार जोपासण्यास हात लावला. हें फळ खरें आहे, आणि त्याचें श्रेय दात्यास द्यावेंच. बँक ऑफ बाँबेच्या भागीदारांचें नुकसानही तितकेंच खरें आहे. त्यांच्या नांवाचा मनोरा कोठें नाहीं. घरांतील मुलांस मुंबई दाखविण्यास नेलें कीं, टॉवरपाशीं उभें करून दोन्ही हकीकती सांगाव्या. आईच्या नांवाची गोष्ट मुलांस आवडेलच, पेढीचीही सांगावी. एका जमेच्या बाजूची आहे, दुसरी खर्चाच्या. आणि खातें वाचावयाचें तें दोन्ही बाजूंनीं, हें जितकें लवकर शिकवावें तितकें बरें.